पोरांना डोंगर दाखवायला पुण्यात आलो का?

“मॅडम, मुलं मोठी झाल्यावर म्हणतील, आईबाबांनी आम्हाला कधी कुठे नेलंच नाही.”

एवढं बोलून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या ताईंनी पर्समधून घरखर्चाची वही काढली आणि मागच्या रविवारचं पान माझ्यापुढे ठेवलं. गेम झोनचं कार्ड १००० रुपये, खाणं ८६०, पार्किंग ४०, धाकट्याचा फुगा ६०. एकूण १९६०. खाली लाल पेनानं रेघ मारून लिहिलं होतं, “घरी येताना दोघं रडली.”

हे कुटुंब सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारं. वडील एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर, आई घरून शिवणकाम करते. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. वन-बीएचकेचे हप्ते चालू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, गोष्ट मात्र घडली तशीच सांगते. कारण ही काळजी घेऊन दिवाळीनंतर आणि मे महिन्यात माझ्याकडे येणारं हे एकच घर नाही. पैसे घालून फिरवायची ऐपत नाही आणि फुकटात नेलं तर मुलांना ते फिरणं वाटत नाही, असं कितीतरी आईबाप सांगतात. या घरात ते जास्त चिघळलं होतं. दिवाळीत दोन रात्री रिसॉर्टला जाण्यासाठी वडिलांनी मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून पंधरा हजारांचं कर्ज काढलं होतं, बायकोला न सांगता. वसुलीचे फोन तिच्या नंबरवर यायला लागले तेव्हा तिला कळलं. नंतर पंधरा दिवस घरात अबोला होता.

थोरलीशी मी वेगळं बोलले. मॉल आवडतो का, असं विचारल्यावर तिनं कंपासपेटी उघडली. आत मशीनमधून निघणाऱ्या तिकिटांची घडी घातलेली माळ होती. “दोनशे झाली की युनिकॉर्न मिळतो. माझ्याकडे एकशे चाळीस आहेत. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी.” ही माळ ती चार महिने सांभाळत होती. चार महिन्यांतल्या सहलींची तिच्याकडे उरलेली आठवण म्हणजे साठ तिकिटं कमी पडली, एवढीच. मला ती माळ बघून फार वाईट वाटलं. आनंद विकत देणाऱ्या जागा मुलांना घरी पाठवताना नेमकं काहीतरी कमी ठेवूनच पाठवतात, म्हणजे मूल परत येतं. दोष ना मुलीचा, ना बापाचा.

पुढे चूक माझी झाली. मी कागद घेतला आणि पैसे न लागणाऱ्या जागा लिहून दिल्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव, सारसबाग. ताईंनी कागद नीट घडी करून ठेवला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी ही मंडळी सारसबागेत गेली. गर्दी, फुगेवाले, भेळ, बुडबुडे उडवायची खेळणी. मुलांनी पाऊल टाकल्यापासून मागायला सुरुवात केली. आई “हात लावू नको, कपडे मळतील” म्हणत मागे धावत होती आणि वडील कट्ट्यावर बसून मोबाईल बघत होते. पाऊण तासात सगळे परत. वहीत चारशे दहा रुपयांची नोंद आणि वडिलांचा शेरा, “फुकटचं फिरणं हे असंच असतं.”

ताईंनी हे सांगितलं तेव्हा मी “फुकटचं” या शब्दापाशी थांबले. त्याच्यात कंजुषी नव्हती, वेगळंच काहीतरी दुखत होतं. पुढच्या भेटीला मी वडिलांना एकट्याला बोलावलं.

बराच वेळ ते हो-नाही एवढंच बोलले. मग मी विचारलं, “तुम्ही लहानपणी सुट्टीत कुठं जायचात?”

“डोंगरात,” ते म्हणाले. “शेरडं घेऊन.”

ते माण तालुक्यातले. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला धो-धो कोसळणारा पाऊस तिथे पोचेपर्यंत संपलेला असतो. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि आठ-दहा शेरडं घेऊन माळावर जायचं, दहावीपर्यंत हेच. वर्गातली दोन मुलं मे महिन्यात मामाकडे मुंबईला जायची आणि राणीच्या बागेतल्या हत्तीच्या गोष्टी सांगायची. मास्तरांनी एकदा सगळ्यांना उभं करून सुट्टीत काय केलं ते विचारलं. यांनी सांगितलं, शेरडं राखली. वर्ग हसला.

“मॅडम, खरं सांगू का? आयटीआय केलं, बारा-बारा तास मशीनवर उभा राहिलो, कशासाठी? पोरांना डोंगर दाखवायला पुण्यात आलो का मी?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी त्यांच्या हातात दिलेला तो कागद त्यांना कसा वाटला असेल. ज्यातून बाप जिवाच्या आकांतानं बाहेर पडला, तिथेच मुलांना घेऊन परत जा, असं मी सांगत होते. त्यांच्या लेखी टेकडी म्हणजे गरिबी आणि तिकीट म्हणजे सुटका. हा हिशेब लक्षात न घेता “निसर्गात न्या, मुलांसाठी चांगलं असतं” म्हणणं हे त्यांच्यावर वर्गासारखं पुन्हा एकदा हसणंच होतं. मी त्यांची माफी मागितली. ते गोंधळले, पण खुर्चीत जरा मोकळे होऊन बसले.

मी त्यांना डहाणू तालुक्यातल्या कोसबाडची गोष्ट सांगितली. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नावही कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे, शंख-शिंपले घेऊन मुलांना मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं. “म्हणजे गुरं राखणारं पोर माळावर काहीतरी शिकत असतं, हे त्यांना दिसलं होतं,” मी म्हटलं. “तुम्ही दिवसभर तिथं काय करत होता?”

मग हा माणूस वीस-पंचवीस मिनिटं एकटाच बोलत होता. सावली काठीच्या कितीव्या वितीवर आली की घरी निघायचं. कुठल्या बोरीची बोरं आंबट, कुठलीची गोड. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, ती खड्यांसारखी दिसतात, पाय पडेल म्हणून वर घिरट्या घालत ओरडते. तिनं उंचावर अंडी घातली की यंदा पाऊस बरा, असं म्हातारी माणसं म्हणायची. आणि मऊ मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दडून बसणारा एक किडा. “मुंगी काठावर आली की घसरते. वर चढायला बघते तर तो खालून माती फेकतो. आम्ही तासन् तास बघत बसायचो.”

“हे थोरलीला माहीत आहे?”

“नाही. कशाला सांगू?”

यावेळी मी जागांची यादी दिली नाही. एकच मागणं केलं. जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी सातला, एकाच टेकडीवर जायचं. दोन तास, जास्त नाही. मोबाईल पिशवीत. डबा घरचा. मुलांना शहाणं करायचं म्हणून काही शिकवायचं नाही. आणि ताईंना सांगितलं, कपडे जुने घाला, म्हणजे मळण्याची धास्ती राहणार नाही.

ते तळजाईला गेले. पुढचं सगळं मला ताईंनी सांगितलं. पहिला अर्धा तास धाकटा “कंटाळा आला” म्हणत होता, थोरली तोंड फुगवून चालत होती. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. दर दोन मिनिटांनी दिवे लागणाऱ्या खेळांची सवय झालेल्या मुलाला रिकाम्या जागेत रुळायला तेवढा वेळ लागतोच, आणि बहुतेक आईबाप नेमके त्याच अर्ध्या तासात हार मानून आइस्क्रीमच्या गाडीकडे वळतात. तो वेळ काढावा. मुलाला रमवायची खटपट करू नये, कंटाळ्याबद्दल रागावूही नये.

मग वडील एका दरडीच्या आडोशाला थांबले आणि उकिडवे बसले. बारीक कोरड्या मातीत पाच-सहा खड्डे होते, रुपयाच्या नाण्याएवढे. त्यांनी वाळलेल्या गवताची काडी तोडून एका खड्ड्याच्या काठावरून मातीचे दोन कण आत ढकलले. तळातून फट्‌कन माती उडाली. धाकटा मागे सरकला आणि लगेच पुढे येऊन पोटावर पालथा पडला. थोरलीही वाकली. वडिलांनी खड्ड्याखालची चिमूटभर माती अलगद तळहातावर घेतली, फुंकर मारली. मातीच्याच रंगाची, तिळाहून थोडी मोठी, गुबगुबीत अळी उरली, तोंडाला दोन चिमटे. ती तळहातावर उलटी, मागे-मागे चालत होती.

“ही पुढं चालतच नाही,” वडील म्हणाले. “मोठी झाली की हिला चतुरासारखे पंख फुटतात.”

थोरलीनं विचारलं, “बाबा, तुम्हाला कसं माहीत?”

ताई म्हणाल्या, “मॅडम, हे एका क्षणासाठी माझ्याकडे बघत राहिले. मग तिला म्हणाले, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा शेरडं राखायचो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलांसमोर हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.”

परतताना धाकट्याच्या चपलेतून काटा आरपार गेला. बापानं बाभळीचा दुसरा काटा घेऊन तो काढला. पोराला त्याचं इतकं कौतुक की सोमवारी बालवाडीत बाईंना पाय दाखवला.

हे एका सकाळीत झालं आणि घर सुधारलं, असं नाही. पुढच्या रविवारी वडिलांना ओव्हरटाइम होता. त्याच्या पुढच्या रविवारी थोरलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. कर्जाचे हप्ते होतेच आणि त्या फसवणुकीवर नवरा-बायकोचं आमच्याकडे वेगळं काम चालू होतं. पण महिन्यातून दोनदा टेकडी असं ठरलं आणि ते बऱ्यापैकी टिकलं. वडील नसतील त्या दिवशी ताई शेजारच्या वहिनींना आणि त्यांच्या मुलाला सोबत घेतात. मी सांगितलेली एक गोष्ट त्यांनी मनापासून धरली, ती म्हणजे जागा बदलायची नाही. दर वेळी नवं ठिकाण शोधायला लागलो की ते पुन्हा खरेदीसारखंच होतं. एकाच टेकडीवर वर्षभर गेलं की मूल ती ओळखायला लागतं. पहिल्या पावसाबरोबर निघणारा लाल मखमली मृगाचा किडा, पावसाळाभर उगवणारा टाकळा, दिवाळीनंतर सोनेरी होणारं गवत, फाल्गुनातला पळस. थोरलीनं एका दगडाला नाव दिलंय, ते मी सांगणार नाही, तिनं मला विश्वासानं सांगितलंय.

ताईंचे बारीकसारीक प्रश्न असायचे, आणि ते बरोबरच होते. साप निघाला तर? दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही, पायवाट सोडायची नाही, हे मुलांना घरीच सांगायचं. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलेलं असतं, त्याच्या काठाला जायचंच नाही, तिथे खोली एकदम वाढते. अंधार पडायच्या आत खाली. पैसे नाही लागले तर मुलांना किंमत राहील का? यावर मी त्यांना त्यांचीच वही दाखवली. टेकडीच्या दिवसांपुढे रकमेच्या जागी “पोळीचा लाडू, शेंगदाणे-गूळ” असं लिहिलेलं होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात, “नऊला झोपली.” पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टेकडी ते न सांगता करून घेते.

एक गोष्ट इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा बरीच चर्चा झाडांची आणि वाहतुकीची झाली. ती व्हायलाच हवी. पण मला तेव्हा माझ्याकडे येणारी ही घरं आठवत होती. वन-बीएचकेमध्ये चौघं राहतात तेव्हा टेकडी हीच त्यांची ऐसपैस खोली असते. ती गेली, तर त्यांना पुन्हा विकत घ्यावी लागेल, आणि ती त्यांना कधीच परवडणार नाही.

एप्रिलमध्ये दोघं शेवटचं भेटायला आले. वाढदिवसाला थोरलीला मॉलमध्ये नेलं होतं, आधी रक्कम ठरवून. मी त्याला कधीच नको म्हटलं नव्हतं. मे महिन्यात आठ दिवस गावी जायचं ठरलं होतं. चार वर्षं वडिलांनी मुलांना तिथे नेलं नव्हतं, “तिथं काय आहे” म्हणून. आजीकडे अजून दोन शेरडं आहेत.

ताई म्हणाल्या, “वर्गात बाईंनी विचारलं, सुट्टीत कोण काय करणार? ही उभी राहून म्हणाली, मी शेरडं राखणार आहे. माझे बाबा शिकवणार आहेत.”

वडील खाली फरशीकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “मॅडम, उन्हाचं पोरांना किती वाजेपर्यंत बाहेर ठेवावं?”

“हे तुम्ही मला सांगायचं,” मी म्हटलं.

“दहाच्या आत मागं फिरायचं,” ते म्हणाले. “दहाला शेरडंसुद्धा सावली धरतात.”