वीजजोड आणि नळ नसलेल्या जागी राहायचं तर जमीन, पाणी, वीज यांचं नियोजन कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघं पुण्यात नोकरी करता, राजापूर तालुक्यात सड्यालगत (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार) दोन एकरांचा तुकडा पाहिलाय. ऑगस्टमध्ये गेलात तेव्हा बाजूने पऱ्या (ओढा) वाहत होता. महावितरणचा खांब दीड किलोमीटरवर, नळयोजना नाही. सौर वीज आणि पावसाच्या पाण्यावर राहता येईल का, आणि सुरुवात कशापासून करायची?

राहता येतं. मी आणि हे, दोघांनी लांजा तालुक्यात एका सड्याच्या कडेला नऊ पावसाळे काढलेत. त्याआधी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर होतो. पण आम्ही सुरुवात उलटीकडून केली, म्हणजे आधी सोलर पॅनल घेतली, मग घर बांधलं आणि शेवटी पाण्याच्या मागे लागलो. तुम्ही तसं करू नका. आधी मे महिन्यातलं पाणी बघा, मग जमिनीचे कागद, आणि वीज सगळ्यात शेवटी.

ऑगस्टमध्ये कोकणातला प्रत्येक सडा काश्मीर असतो. दलाल गिऱ्हाईक तेव्हाच आणतात, ते उगीच नाही. जांभ्याचा स्वभाव असा की वर पडलेलं पाणी तो स्पंजासारखं पितो आणि तितक्याच उदारपणे खाली सोडून देतो. खालच्या चिकण थराला अडलं की ते सड्याच्या पायथ्याशी झऱ्यातून बाहेर पडतं. म्हणून वाड्या पायथ्याला आहेत आणि सडे मोकळे. जुनी माणसं कातळावर राहायला गेली नाहीत, त्याचं कारण हे पाणी. तुमचा तुकडा सड्यावर म्हणजे नेमका कुठे? माथ्यावर असेल तर स्वस्त का मिळतोय ते कळलं. सडा संपून उतार सुरू होतो तिथे असेल तर बोलणी पुढे न्या.

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा जा. सोबत दोर, दगड आणि मोजायला टेप. वाडीतल्या चार विहिरींत दोर सोडून पाणी किती आहे ते बघा आणि विहिरीवर आलेल्या बायकांना विचारा की पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं. पुरुष 'असतं की बारमाही' असं सांगतात. पाणी काढून आणणाऱ्याला महिना तोंडपाठ असतो. बोअरचं म्हणाल तर जांभ्यातून खाली कठीण काळ्या पाषाणापर्यंत केसिंग (पाईपचं अस्तर) घालावं लागतं आणि त्याखाली पाषाणात भेगा लागल्या तरच पाणी. आमच्या शेजाऱ्यांची दोन बोअर कोरडी गेली, तिसऱ्याला लागलं. नारळ फिरवून पाणी सांगणारे तिन्ही वेळा हजर होते.

आता हिशेब. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं छप्पर वरून मोजलं तर 70 चौरस मीटर. उडालं-सांडलं धरून पाचवा हिस्सा सोडून दिला तरी वर्षाला दीड लाख लिटरहून जास्त पाणी पन्हळीतून वाहून जातं. दोन माणसांना रोज 140 लिटर धरले (आंघोळ, कपडे, भांडी सगळं) तर मध्य ऑक्टोबर ते मध्य जून या 240 दिवसांना 33,600 लिटर लागतात. म्हणजे पाणी कमी नाहीच, ते आठ महिने साठवायचं कुठे एवढाच प्रश्न आहे. मुंबईत कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या बाहेर कातळात खोदलेली टाकी बघा. तिथल्या बौद्ध भिक्षूंनी हा प्रश्न असाच सोडवला होता.

सगळ्या 240 दिवसांचं पाणी साठवायला मात्र जाऊ नका. जिथे तुमचा मूळ स्रोत आटतो तिथून पहिल्या पावसापर्यंतची दरी मोजा. आमची विहीर मार्चअखेरपर्यंत पुरते. पुढचे 75 दिवस घराला 10,500 लिटर, आणि 60 आंबा-काजू कलमांना, लहान होती तेव्हा, आठवड्याला प्रत्येकी 20 लिटर याप्रमाणे दहा आठवड्यांचे 12,000 लिटर. बेरीज 22,500. म्हणून 25,000 लिटरची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवलेली) टाकी बांधली. ती सप्टेंबरच्या पावसात भरायची. जूनच्या पावसात छपरावरची धूळ, पालापाचोळा आणि माकडांची घाण असते, ते पाणी सोडून द्यायचं. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं, आणि झाकणाला बारीक जाळी हवीच, डास होतात. पिण्याचं उकळून घेतो. संडासचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात घाण कुठून कुठे झिरपेल याचा भरवसा नाही, त्यामुळे आम्ही 30 मीटर ठेवला.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण हे वकिलाकडून करून घ्यायचं काम आहे. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी असावं लागतं, 1948 च्या कुळकायद्याचं 63 वं कलम. दोघांपैकी कुणाच्या घरची जमीन आहे का ते आधी बघा. नसेल तर बिगरशेती जागा शोधावी लागेल आणि बाकीचं सगळं गणित बदलेल. कोकणातला खरा त्रास सामाईक सातबारा. आमच्या तुकड्यावर 23 नावं होती, त्यातली सहा वारलेली, चार मुंबईत आणि एक कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. वारसनोंदी होईपर्यंत दोन वर्षं गेली. जुने फेरफार काढा. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बोजा, खाजगी वन असं काही लिहिलंय का ते वाचा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. टोकन देण्याआधी सरकारी मोजणी मागा, 'गडग्यापर्यंत आपलंच' यावर जाऊ नका. गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, सरकतात.

आणि रस्ता. गाव नकाशावर रस्ता दिसतो का ते बघा. दलालाची जीप गेली हा पुरावा नव्हे, ती कुणाच्या तरी परड्यातून गेलेली असते. जमीन महसूल अधिनियमाच्या 143 व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते, पण नव्या माणसाने गावात पाऊल ठेवताच तहसीलदाराकडे अर्ज करणं म्हणजे पुढची वीस वर्षं कुणी ताकसुद्धा देणार नाही. वाट लिहून घ्या, खरेदीखतातच. जुलैमध्येही एकदा जाऊन या. वाटेत पऱ्या आडवा येत असेल आणि साकव (छोटा पूल) नसेल तर चार दिवस तुम्ही घरात अडकलात.

आता वीज. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया गेले.

पहिल्यांदा आम्ही 1 किलोवॉटची पॅनल आणि 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या. विकणाऱ्याने सांगितलं, दिवसाला 4 युनिट मिळतील. मिळतातच, एप्रिलमध्ये. जुलैत सलग झड लागली की आमच्याकडे तीच पॅनल दिवसाला 1 युनिट देताना रडतात. बॅटऱ्या कागदावर 7.2 युनिटच्या, पण लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरावी, म्हणजे 3.6. आम्ही पावसात त्या रोज रिकाम्या करत गेलो आणि पुन्हा पूर्ण भरल्याच नाहीत. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडे पडून राहिल्या की प्लेटांवर सल्फेट धरतं. तिसऱ्या पावसाळ्यात चारही गेल्या. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, 'ताई, वापर जास्त झाला.' त्यात खोटं काही नव्हतं, विकताना वापर विचारला नव्हता एवढंच.

तेव्हा आधी वापर लिहा. आमचा रोजचा असा: एलईडी दिवे 0.3 युनिट, दोन बीएलडीसी पंखे 0.6 (जुना पंखा 75 वॉट खातो, हा 30), लहान फ्रिज 0.9, दोन लॅपटॉप आणि राउटर 0.8, मिक्सर 0.1. झाले 2.7. आणि कुणीच न सांगणारी गोष्ट: इन्व्हर्टर स्वतः जेवतो. काही जोडलेलं नसलं तरी आमचा 20-25 वॉट घेतो, चोवीस तासांचे अर्धा युनिट. फ्रिजच्या निम्म्याहून जास्त! मोठा इन्व्हर्टर 'पुढेमागे लागेल' म्हणून घेतला की त्याचं पोटही मोठं असतं.

म्हणजे 3.2 युनिट. हे जुलैत पुरवायचे असतील तर बॅटरी वाढवून उपयोग नाही, कारण भरणार कशाने? पॅनल वाढवा. आज आमच्याकडे 2.5 किलोवॉटची पॅनल आणि 5 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते, जाऊ दे. पॅनल दक्षिणेकडे, 15 ते 20 अंशांच्या उताराने, म्हणजे पावसाने आपोआप धुऊन निघतात. आंब्याची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज पडते, म्हणून घराची जागा ठरवतानाच डिसेंबरातली सावली बघून ठेवा. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमची दोन पॅनल सांगाड्यातून सुटून भातखाचरात जाऊन पडली. तेव्हापासून सांगाडा चिऱ्यांच्या जोत्यात काँक्रीट करून गाडलाय आणि बोल्ट दर मेमध्ये आवळतो. विजांचंही बघा. कोरड्या जांभ्यात अर्थिंग लागत नाही. आम्ही अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतला, तो बारमाही ओला राहतो.

पाणी चढवायला वीज किती लागेल असं तुम्ही वेगळं विचारलंय. फार नाही. 1000 लिटर पाणी 20 मीटर चढवायला निव्वळ 0.055 युनिट लागतात, लहान पंपाची गळती धरली तर 0.15. भीती युनिटची नसते, झटक्याची असते. 1 अश्वशक्तीची साधी मोटर सुरू होताना नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते. तो झेलायला मोठा इन्व्हर्टर, मग त्याचं मोठं पोट, मग मोठी बॅटरी, अशी साखळी लागते. त्यापेक्षा वेगळ्या दोन-तीन पॅनलवर थेट चालणारा डीसी पंप लावा, मध्ये बॅटरी नको. ऊन आहे तोवर तो हळूहळू वरची टाकी भरत राहतो. पावसाळ्यात उपसायची गरजच नसते. ती टाकी घराच्या वरच्या अंगाला उतारावर ठेवा. 10 मीटर उंचीला 1 बार दाब मिळतो. आमची 6 मीटरवर आहे, नळाला आणि आंघोळीला पुरतं. यासाठीच उतार असलेली जमीन घ्या म्हणते. सपाट जागेत हेच लोखंडी मनोऱ्यावर करावं लागतं.

योजनांबद्दल: पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेल्या छपरांना आहे, आपल्याला नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातींसाठी 5) आणि अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो, पण पाण्याचा खात्रीचा स्रोत आधी दाखवावा लागतो. बघा, पुन्हा विहिरीवरच आलो.

बॅटरीवर कधीही उष्णता करू नका. इंडक्शन, गिझर, इस्त्री, तिन्ही पुण्यात विकून या. एका माणसाच्या आंघोळीचं 20 लिटर पाणी 15 अंशांनी तापवायला 0.35 युनिट जातात, आमच्याकडे ते पाणचुलीवर काजूच्या काटक्यांत होतं. गोबरगॅसची हौस असेल तर 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच गुरं. आमच्या दोन बारक्या गावठी गाईंवर चहा आणि भात होतो, बाकी सिलिंडर. पुण्यात आरती या संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं होतं, पण आमच्याकडचं खरकटं गाईच्या आधी कुत्रा खातो.

गाव म्हणून एकत्र करता आलं तर आणखी बरं. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 साली साधारण 40 घरांसाठी 9.4 किलोवॉटचा सामाईक सौर प्रकल्प उभा राहिला, म्हणजे घरामागे पाव किलोवॉटसुद्धा नाही. एकाच्या फ्रिजची वेळ ती दुसऱ्याच्या पंख्याची नसते, म्हणून तेवढ्यात भागतं. तुमच्या बाजूला वाडी असेल तर आधी वाडीत विचारा.

आणि खांब दीड किलोमीटरऐवजी शंभर मीटरवर असता तर मी सांगितलं असतं, मुकाट्याने जोड घ्या. ग्रिड नसणं हे भूषण नाही. आमच्याकडे जुलैतल्या सातव्या काळोख्या दिवशी फ्रिज बंद होतो, दूध उकळून पाण्यात ठेवतो, आणि तरी नाहीच भागलं तर छोटा जनरेटर तासभर चालवतो. वर्षाला 15-20 लिटर पेट्रोल जातं.

त्या तुकड्याचा गट नंबर इथे जाहीर टाकू नका. पऱ्याचं पाणी मेमध्ये कुठपर्यंत राहतं ते बघून आलात की इथेच खाली लिहा, टाकीचं माप काढून देते.