विरारचे घर आणि पाण्याचा हिशेब

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: पती-पत्नी दोघेही अंधेरीत नोकरीला, सध्या गोरेगावात भाड्याने, आणि वसई पूर्व, नालासोपारा पूर्व व विरार पश्चिम या तिन्हींपैकी कोठे घर घ्यावे याचा निर्णय होत नाही. शिवाय आपण विचारले आहे की, वस्ती एवढ्या झपाट्याने वाढली आहे, तर पाणी, गटारे, रेल्वे या सोयी पुढच्या पाच वर्षांत तिला गाठतील का. मी १९९८ पासून वसई पूर्वेला राहतो आणि त्यातली नऊ वर्षे सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे इथल्या सोयींशी माझी ओळख मुख्यतः टँकरच्या पावत्यांमधून झालेली आहे. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेतो. त्याचे उत्तर लागले की पहिल्याचे बरेचसे आपोआप लागते.

विरारपर्यंत विजेवरची गाडी १९३६ मध्येच आली होती. तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षे वसई तालुका म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, भाजीपाला, मिठागरे आणि मासेमारी असाच राहिला. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. लालबागची दहा बाय बाराची खोली देऊन टाकायची आणि त्या पैशांत वसई-विरारला दोन खोल्यांचे, स्वतःचा संडास असलेले घर घ्यायचे, हा व्यवहार हजारो कुटुंबांनी केला. आमच्या घराचाही तोच इतिहास आहे. १९९० मध्ये राज्य सरकारने या भागासाठी सिडकोला, म्हणजे आपल्या शहर-विकास महामंडळाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. नवी मुंबईत सिडकोने आधी जमीन ताब्यात घेतली, मग रस्ते आखले आणि त्यानंतर भूखंड विकले. इथे जमीन खासगी मालकांकडेच राहिली, आणि सिडकोच्या हाती आराखडा आखण्याचे व परवानगी देण्याचे काम तेवढे आले. त्यातही २००१ ते २०२१ या वीस वर्षांचा विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडले. तोपर्यंत इमारती थांबल्या नव्हत्या, आणि चाळी तर नाहीतच.

आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत नालासोपारा सुमारे १ लाख ८४ हजारांचे आणि विरार सुमारे १ लाख १९ हजारांचे होते. वसई आणि नवघर-माणिकपूर धरून चारही नगरपालिकांची बेरीज पावणेपाच लाखांच्या आसपास जात होती. ३ जुलै २००९ रोजी या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. गावे धरल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य. तरी दहा वर्षांत काय झाले याचा अंदाज येतो. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. आज महापालिकेत बसून पाण्याची, शाळांची, दवाखान्यांची जी मागणी काढली जाते ती अंदाजावर काढली जाते, आणि जाहिरातीत जे आकडे छापतात तेही अंदाजच असतात. तेव्हा असल्या कोणत्याही आकड्यावर घराचा निर्णय टांगू नये.

आता पाणी. सूर्या नदीवरच्या धरण प्रकल्पाच्या जुन्या दोन योजनांचे प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर, उसगाव धरणाचे २०, पेल्हार धरणाचे १० आणि पापडखिंड धरणाचे जेमतेम १, असे मिळून शहराला दिवसाला सुमारे २३० दशलक्ष लिटर पाणी मिळत असे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप धरले, तर ते १७ लाख लोकांना पुरते. कागदावर हे वाईट नाही. पण हे पाणी डोंगराकडून लांबलचक वाहिन्यांतून येते, वाटेत गळते, चोरीला जाते, आणि जलकुंभापासून दूर असलेल्या, रांगेतल्या शेवटच्या इमारतीपर्यंत पोहोचेतो त्याची धार करंगळीएवढी होते. आमची इमारत त्या रांगेत शेवटून दुसरी होती.

मी सचिव असताना भूमिगत टाकीचे पाणी वेळूच्या काठीने मोजत असे. काठीवर खिळ्याने पाच खुणा कोरल्या होत्या. रात्री दहाला झाकण उचलून काठी बुडवायची. ओल दुसऱ्या खुणेखाली असली की टँकरवाल्याला फोन. दहा हजार लिटरचा टँकर यायचा रात्री साडेअकराला नाहीतर पहाटे चारला, आणि तो रिकामा होईस्तोवर कोणीतरी पाइपाचे तोंड टाकीत धरून उभे राहायचे, कारण सोडले की पाइप फणा काढल्यासारखा उसळून अर्धे पाणी आवारात सांडायचा. एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीच्या मासिक वर्गणीतला मोठा वाटा टँकरवर जाई. नवीन घर घेणाऱ्याला हप्त्याची रक्कम तोंडपाठ असते. हा खर्च मात्र त्याला ताबा घेतल्यावर कळतो.

आणि टँकरचे पाणी येत कोठून होते? पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींतून. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याला रेटून धरते. वरचे गोडे पाणी बेसुमार उपसले की खारे पाणी आत सरकते. पिढ्यान्‌पिढ्या बागायत करणाऱ्या वसईकरांना हे कोणी शिकवायला लागले नाही. हरित वसईचे आंदोलन उभे राहिले ते बागायत आणि पाणी या दोन्हींसाठी. माझ्या ओळखीच्या एका बागायतदार काकांनी विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन मला चाखायला दिले होते. पाणी मचूळ लागले. 'तुमच्या टाकीत हेच येतं,' एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी त्यांची केळीची झाडे उपटून झाली होती, आणि मला उत्तर सुचले नव्हते.

या चित्रात मोठा बदल झाला तो २०२३ च्या अखेरीस, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी येऊ लागले तेव्हा. ही योजना एकूण ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातले १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मिरा-भाईंदरसाठी. कवडासच्या बंधाऱ्याजवळून पाणी उचलून, डोंगरात बोगदे खोदून ते काशीद-कोपरच्या जलाशयापर्यंत आणले आहे. जुने आणि नवे मिळून ४१५ होतात. पाचवा हिस्सा गळतीत धरला तरी माप २४-२५ लाख माणसांपर्यंत जाते. याचा परिणाम किती झाला ते पाहायचे तर म्हाडाच्या विरार पश्चिमेतल्या बोळींज येथील वसाहतीकडे पाहा. तेथील हजारो घरे वर्षानुवर्षे पडून होती, सोडती निघत आणि लोक घर लागूनही परत करत, आणि त्याच्या कारणांत पाणी हे ठळक कारण होते. सूर्याचे पाणी पोहोचल्यानंतर त्याच घरांना गिऱ्हाईक मिळू लागले. तेव्हा विरार पश्चिमेबद्दल पाच वर्षांपूर्वी कोणी दिलेला सल्ला आज जसाच्या तसा लागू नाही.

एक गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, विक्रमगड आणि पालघरच्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधला गेला, आणि शहरांकडे पाणी वळवण्याला तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. आपण नळ सोडतो ते पाणी कोणाच्या तरी शेतावरून वळून येते. पुढे डहाणूजवळ वाढवण बंदर उभे राहिले की त्या बाजूलाही वस्ती वाढेल आणि त्याच नदीवर मागणीचा बोजा पडेल. त्यामुळे आज मिळालेली सवड कायमची समजू नये.

येणाऱ्या पाण्याचे असे आहे. जाणाऱ्या पाण्याचे त्याहून बिकट आहे, आणि माझ्या मते घर निवडताना आपण सर्वाधिक वेळ याच गोष्टीला द्यावा. या शहराच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. मधोमध दक्षिणोत्तर रेल्वेचा भराव. डोंगरावरून उतरलेले पावसाचे पाणी पश्चिमेकडे जायचे तर त्याला या भरावाखालच्या मोजक्या मोऱ्यांतून जावे लागते. पूर्वी भरावाच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे, मिठागरे आणि पाणथळ जमीन होती. मोरीतून पाणी हळूहळू जाई आणि तोवर खाचरांत थांबे. त्या खाचरांवर माती पडली, मातीवर इमारती आल्या, नव्या इमारतीसाठी जोते उंच झाले आणि पाणी शेजारच्या जुन्या इमारतीत शिरू लागले. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले तर पाण्याला बाहेर वाटच उरत नाही.

जुलै २०१८ मध्ये हेच झाले. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना आपत्ती दलाने बाहेर काढले, आणि आमच्या तळमजल्यावर मांडीएवढे पाणी होते. विजेचे मीटर बुडाले म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पंप नाही. खाली पाणीच पाणी आणि वर वापरायला थेंब नाही, अशा अवस्थेत आम्ही काही दिवस काढले. त्यानंतर सोसायटीने मीटरची पेटी चार फूट वर उचलली. आजही कोणत्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डोकावलात तर मीटरची पेटी किती उंचीवर आहे यावरून तिथे पाणी कुठवर येते ते समजते. दलालाला विचारण्याची गरज पडत नाही. पुरानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या समितीने धारण तलाव, म्हणजे पावसाचे पाणी काही तास थोपवून धरणारे मोठे तलाव, करण्याची शिफारस केली. तलावाला मोकळी जमीन लागते, आणि मोकळी जमीन या शहरात ज्या वेगाने संपते तो वेग आपल्याला ठाऊक आहे.

जमीन संपते म्हणजे काय याचे उदाहरण नालासोपारा पूर्वेला आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, त्यांत लोक वर्षानुवर्षे राहिले, आणि न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून त्या पाडण्यात आल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. सांडपाण्यावरची प्रक्रिया मात्र अजूनही मुख्यतः बोळींजच्या ३० दशलक्ष लिटरच्या केंद्रापुरतीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. तीही अनधिकृत, आणि उणीपुरी तेरा वर्षांची. म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगतो. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. पालिका अनधिकृत घरालाही कर लावते. खरेदीखत नोंदवले गेले म्हणजे इमारत कायदेशीर ठरत नाही. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडील नोंदणीचा, क्रमांकही डोळे झाकून मानू नये, कारण कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे तोही मिळवला होता. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (पुऱ्या झालेल्या इमारतीत राहायची परवानगी) यांचे क्रमांक घेऊन नगररचना विभागात स्वतः पडताळावेत, आणि त्याच खेपेत त्या सर्व्हे क्रमांकावर आरक्षण आहे का याचा लेखी दाखला मागावा. अर्धा दिवस रजा टाकावी लागेल. टाका.

रेल्वेबद्दल फार लिहीत नाही, कारण आपण दोघे रोज अंधेरीत चढता-उतरता. बोरिवली ते विरार चार मार्ग २००७ मध्ये झाले, २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत गेली, पाचवा-सहावा मार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण ही मंजूर कामे आहेत. जाहिरातीतल्या नकाशावर मेट्रो, सागरी सेतू आणि बुलेट ट्रेनचे स्थानक एकाच रंगात दाखवतात. त्यांतले जे आज डोळ्यांना दिसते तेवढेच आपल्या हिशेबात धरा. रस्त्याने मुंबईला जायचे तर अजूनही महामार्गावरचा, वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल हीच मुख्य वाट आहे. वसई-भाईंदर रो-रो फेरी २०२४ पासून सुरू झाली, तिचा सुट्टीच्या दिवशी उपयोग होतो.

तर पाच वर्षांत काय गाठले जाईल? नळाचे पाणी बऱ्याच अंशी, रेल्वे थोडीफार, सांडपाणी आणि पूर यांच्याबाबत मला आशा नाही. त्यामुळे आपल्या जागी मी असतो तर विरार पश्चिमेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळून तीन-चार पावसाळे झालेल्या इमारतीत, पुनर्विक्रीचे घर घेतले असते. चकचकीत नव्या प्रकल्पाला पाऊस अजून माहीत नसतो. वसई पूर्वेला घ्यायचेच झाले तर रेल्वेच्या भरावापासून दूर आणि रस्त्यापेक्षा उंच जोत्यावरचे पाहा, आणि नालासोपारा पूर्वेत कागद लखलखीत असल्याखेरीज बयाणा देऊ नका. घर पसंत पडले की त्या सोसायटीच्या सचिवाकडे गेल्या एप्रिल-मेची टँकरची वही मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर कारण विचारत बसू नका, पुढची इमारत पाहा.