नेमणुकीच्या पत्राआधी संचमान्यता पाहा

एका पालकांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. जवळच्या आठवी ते दहावीच्या हायस्कूलमधून संस्थाचालकांचा निरोप आला: ‘आत्ताच शिकवायला पाठवा, बी.एड. मागाहून होईल. अनुदानाचा पुढचा टप्पा मिळाला की जागा पक्की. इमारत निधीला तेवढी मदत करा. नाहीतर कारकुनाचीही जागा रिकामी आहे.’ शाळा लहान, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. घराजवळची नोकरी सोडावी का, असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार,

पैसे देऊ नका आणि आधी बी.एड. होऊ द्या. घराजवळची शाळा मिळावी ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

अनुदानित किंवा अंशतः अनुदानित (जिथे पगाराचा काही हिस्साच शासन देतं अशा) शाळेतली शिक्षकाची जागा संस्थेच्या शब्दावर पक्की होत नाही. संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येनुसार शाळेला किती पदं याच्या शासकीय मंजुरीत, पद मंजूर लागतं. ते बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमतक्त्याप्रमाणे, तिच्या प्रवर्गाला सुटावं लागतं. भरती ‘पवित्र’ या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलमार्फत व्हावी लागते. मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, आणि त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतला ओळख क्रमांक. हा आयडी नसेल तर शासनाकडून पगार निघत नाही. बी.एड. नसताना केलेल्या नेमणुकीला मान्यताच मिळत नाही. म्हणजे मुलगी दोन वर्षं जीव ओतून शिकवेल आणि तिचं सेवापुस्तक उघडलेलंही नसेल. ‘मान्यता मागच्या तारखेने आणून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं, त्याची झळ नोकरीला लागलेल्यांनाही बसली.

लहान शाळेत सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे पट. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, आणि ज्या मुलांचे आधार वैध झाले तीच मुलं मोजली जातात. आधारवर नाव ‘गणेश’ आणि शाळेच्या नोंदीत ‘गणेष’ असेल तरी ते मूल अडकतं. मोठ्या शाळेत चार मुलं कमी झाली तर फारसं बिघडत नाही. एकेका तुकडीच्या शाळेत तेवढ्यावर एक पद जाऊ शकतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो. म्हणून मुख्याध्यापकांकडे गेल्या तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती मागा. गणित-विज्ञानाचं पद मंजूर आहे का, त्यावर आज कोण आहे, ते कधी निवृत्त होणार, हे त्यावरून विचारता येतं. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

आता कामाचं. दिवसाला आठ तासिका आणि शनिवारी पाच धरल्या तर आठवड्याच्या 45 होतात, तीन तुकड्यांच्या 135. मुख्याध्यापकांनी 15 घेतल्या तर उरलेल्या 120 चार शिक्षकांत वाटून प्रत्येकी 30. कागदावर हे ठीक दिसतं. पण एक जण रजेवर गेला आणि दुसऱ्याला निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश आला की उरलेल्या दोघांची एकही तासिका मोकळी राहत नाही. कारण बदली तासिकेला दुसरं माणूसच नसतं. चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचे तासही बहुतेक यांच्याच अंगावर येतात.

तुमच्या मुलीकडे तिन्ही वर्गांचं गणित आणि बहुधा विज्ञानही येईल. वर्गात चाळीस मुलं धरा. नववी-दहावीला गणित भाग 1 व 2, विज्ञान भाग 1 व 2 मिळून प्रत्येक वर्गाच्या 160 उत्तरपत्रिका, आठवीच्या 80. एका सत्राच्या 400 झाल्या. पाच मिनिटांत एक तपासली तरी तेहतीस तास लागतात, आणि ते घरचे तास असतात. शिवाय दहावीची विज्ञानाची प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण, आठवीच्या मुलांची एनएमएमएस शिष्यवृत्तीची तयारी. याच्या बदल्यात एक गोष्ट मिळते, जी मोठ्या शाळेत मिळत नाही: तेच मूल सलग तीन वर्षं हाताखाली असतं. आठवीत अपूर्णांकाला घाबरणारी मुलगी दहावीत वर्गसमीकरण सोडवते, तेव्हा ते काम कोणाचं हे सगळ्या गावाला माहीत असतं. ज्याला शिकवायची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी हे फार मोठं आहे.

मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळतं. 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. म्हणूनही आधी बी.एड. करावं.

कारकुनाच्या जागेबद्दल. काम हलकं नाही, उलट शाळेची अब्रू त्याच टेबलावर असते. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकात एक आणि अक्षरात दुसरी लिहिली गेली, तर तीच चूक शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि मुलाला पुढे जातपडताळणीपासून पासपोर्टपर्यंत छळते. मूल शाळा सोडून गेल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती नोंद दुरुस्त करता येत नाही. वेतनदेयकं, यू-डायस प्लस पोर्टलवरची शाळेची माहिती, बोर्डाचे अर्ज, कॅशबुक, सगळं तिथेच. पण लहान शाळेत लिपिकाचं पद एकच असतं, त्यामुळे तिथल्या तिथे बढती नाही. सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी 19,900 पासून सुरू होते, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची 38,600 पासून. तिला शिकवायचं असेल तर ‘तोवर कारकून’ हा रस्ता तिकडे जात नाही.

मग करायचं काय? बी.एड.ची सीईटी द्यावी, मेथड, म्हणजे अध्यापनाचे विषय, गणित आणि विज्ञान घ्याव्यात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. हजेरी 80 टक्के आणि शालेय इंटर्नशिपला 90 टक्के लागते, त्यामुळे नोकरी सांभाळून नियमित बी.एड. प्रामाणिकपणे होत नाही. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणारं कॉलेज टाळा. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर 2 बी.एड. करतानाच काढावा: 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. तो सहावी ते आठवीसाठी असतो, आणि या शाळेत आठवी आहे. मग टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 120 मिनिटांत 200 प्रश्न. इथे हुशार मुलंही वेळेने मार खातात, म्हणून घड्याळ लावून सराव हवा. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला मानधन महिना 18,000. घरखर्चाचा हिशेब या आकड्यावर मांडा, पूर्ण पगारावर नको.

संस्थाचालकांशी संबंध तोडायची गरज नाही. ‘बी.एड. झालं की पोर्टलवर तुमच्या शाळेचा पसंतीक्रम देऊ’ असं आदराने सांगा. सीईटी झाल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिला त्या शाळेत एक पूर्ण दिवस बसू द्या, शक्यतो एखादे शिक्षक रजेवर असतील त्या दिवशी. परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत राहिली आणि संध्याकाळी घरी येऊन मुलांबद्दल बोलत असेल, तर बी.एड.चा अर्ज निर्धास्त भरा.