सूज उतरली, मग हातात जोर का नाही?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी 47 वर्षांची आहे, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते. चार वर्षांपूर्वी आमवात (रूमेटॉइड आर्थरायटिस) निघाला, रक्ताच्या तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. आमवाताचं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू आहे, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. आता सूज जवळपास नाही, रक्तातला सूज दाखवणारा आकडा, ईएसआर, पण खाली आलाय, पण काय सांगू, मन्हा हातमा जीवच नही राह्यना. भाकरी थापली जात नाही, बरणीचं झाकण उघडत नाही, कापूस वेचायला जाणं तर बंदच झालं. खाली बसले की उठायला कोणाचा तरी हात लागतो. वजन मात्र तेवढंच, उलट पोट सुटलंय. घरात सगळे म्हणतात काही उचलू नको, सांधे झिजतील, आराम कर. खरंच आराम करू का?

उत्तर : ताई, आराम करू नका. घरातले मायेनेच सांगताहेत हे मला कळतं, पण सूज उतरल्यावरही पडून राहिलात तर उरलेला जोरही जाईल.

आमवात हा नुसता सांध्यांचा आजार नाही हो. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि तिथे सूज आणणारी जी रसायनं तयार होतात (टीएनएफ, इंटरल्युकिन 6 वगैरे) ती रक्तातून सगळ्या अंगात फिरतात आणि स्नायूंमधलं प्रोटीन मोडायला लागतात. त्यात दुखतं म्हणून माणूस हलत नाही, आणि सुजलेल्या सांध्याजवळच्या स्नायूला मेंदूकडून येणारा आदेशही कमी पडतो. म्हणजे तीन बाजूंनी मार बसतो. स्नायू गेले की त्यांची जागा चरबी घेते, म्हणून काटा तोच दाखवतो आणि कोणाला वाटतच नाही की काही गेलंय. तुमचं वजन तेवढंच आणि पोट सुटलंय ना, ते बहुतेक हेच. याला रूमेटॉइड कॅकेक्सिया म्हणतात, आणि सांध्याभोवतीचे स्नायू असे वाळतात हे इंग्लंडचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी 1873 मध्येच लिहून ठेवलंय. गोळ्यांनी सूज उतरते, गेलेला स्नायू मात्र आपोआप भरून येत नाही, त्याला कामाला लावावंच लागतं.

आता 'सांधे झिजतील' या भीतीबद्दल. पूर्वी डॉक्टरसुद्धा आमवाताच्या पेशंटला अंथरुणात ठेवायचे, तेच घराघरात बसलंय. पण नेदरलँड्समध्ये 300 च्या वर पेशंटना दोन वर्षं तपासलं, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा चांगला जोराचा व्यायाम दिला, 2003 मध्ये निकाल आला. ताकद वाढली आणि बहुतेकांच्या सांध्यांचं नुकसान काही वाढलं नाही. फक्त ज्यांचे गुडघे-खांद्यांसारखे मोठे सांधे आधीच खूप खराब होते त्यांना जपायला सांगितलं गेलं. हातांचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये 490 पेशंटवर झालेल्या अभ्यासात (2015) औषधांसोबत हाताचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम केलेल्यांचे हात वर्षभरानंतरही जास्त चांगले चालत होते.

मग करायचं काय? पायांपासून सुरू करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हाताचा आधार न घेता उठा, हळू बसा. आठ-दहा वेळा, थोडं थांबून परत एकदा, आणि हे एक दिवसाआड. जमायला लागलं की खुर्चीऐवजी थोडं बुटकं स्टूल घ्या. शेवटचे दोन-तीन वेळा उठताना जड गेलं पाहिजे, नाहीतर ताकद वाढत नाही, नुसती हालचाल होते. हातांसाठी मऊ मळलेली कणीक मुठीत दाबायची, बोटं पसरायची, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट वर-खाली करायचं. फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन मनगटाची ठेवण बघून घ्या, ते रबरी पट्ट्याही देतील.

वेळेचं नीट ऐका, कारण आपल्याकडे जो तो पहाटे पाचला फिरायला जा म्हणतो. आमवातात पहाटे तर हात आखडलेले असतात! कोमट पाण्याने अंघोळ करून अंग मोकळं झालं की करा, आणि मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे 44-45 डिग्री असते तेव्हा ऊन उतरल्यावर संध्याकाळी. व्यायामानंतर स्नायू दुखले तर घाबरू नका, पण सांधा दोन तासांपेक्षा जास्त ठणकत राहिला किंवा दुसऱ्या दिवशी जास्त आखडला तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवसांत वजन नको, तो नुसता अलगद हलवा, बाकी अंगाचा व्यायाम चालू ठेवा.

खाण्यात प्रोटीन बघा. 55 किलो वजनाला रोज साधारण 55 ते 65 ग्रॅम लागतं (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, फार चांगली गोष्ट आहे, पण नुसत्या ठेचा-भाकरीवर भागणार नाही. वाटीभर घट्ट डाळ, मूठभर शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडी, असं तिन्ही वेळा थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे. बायकांनी सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खायचं, हे आजारी बाईच्या बाबतीत तरी बंद करा, हे मी घरातल्या सगळ्यांना सांगतेय. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइडही एकदा तपासून घ्या, त्यानेही अशक्तपणा येतो.

दोन गोष्टी झाल्या तर वाट बघत थांबायचं नाही. एखादं बोट अचानक सरळच होईनासं झालं तर स्नायूला हाडाशी जोडणारा दोर (टेंडन) तुटलेला असू शकतो, लगेच दाखवा. आणि मान दुखून हातापायांना मुंग्या, चालताना पाय लटपटणं असं झालं तर मानेच्या वरच्या मणक्यांचा एक्स-रे लागतो. शीर्षासन, सर्वांगासन तर आमवातात कोणी कितीही सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : आमच्या आप्पांना आमवात आहे. एकाकडची पुडी घेतली, आठ दिवसांत पळायला लागले, वर्षभर तीच चालू आहे. आता तोंड सुजल्यासारखं गोल दिसतं, मांड्या बारीक झाल्यात आणि उठताच येत नाही. पुडी आजच बंद करू का? (शहादा)

उत्तर : भाऊ, मनाने एकदम बंद करू नका. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं, गोल चेहरा आणि वाळलेल्या मांड्या बघून मला तीच शंका येतेय. जास्त दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, मग अचानक तोडलं तर बीपी उतरून जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन आप्पांना या आठवड्यातच फिजिशियनकडे न्या, शुगर आणि बीपी तपासा, ते डोस हळूहळू उतरवतील आणि आमवाताचं खरं औषध सुरू करतील. आप्पांना उलट्या, चक्कर, गुंगी आली तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि पुडीचं तिथे नक्की सांगा.