गच्चीवरची लागवड ‘अधिवास’ कधी ठरते?

प्रश्न : पुण्यात आमचा 4,000 चौ. मी.चा प्लॉट आहे, सगळा आधीच खोदलेला. हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या ‘लीड’ पद्धतीच्या व्ही4 आवृत्तीत अधिवासाच्या क्रेडिटसाठी, म्हणजे जीवांना आसरा देण्याबद्दलच्या गुणांसाठी, गच्चीवरची झाडं मोजता येतात का?

उत्तर : येतात, पण अटी आहेत. इमारतीखालची जागा धरून 30 टक्के, म्हणजे 1,200 चौ. मी., देशी किंवा इथे रुळलेल्या झाडांनी पुन्हा हिरवे करायचे. त्यात गच्ची धरायची तर बांधकामाचं क्षेत्र प्लॉटच्या किमान दीडपट, तुमच्या बाबतीत 6,000 चौ. मी., हवं. मंजूर नकाशावरचा एफएसआय (प्लॉटच्या तुलनेत बांधकामाचं प्रमाण) मात्र तसाच उचलू नका, त्याचं आणि ‘लीड’चं गणित तंतोतंत जुळत नाही. शिवाय त्या झाडांनी जीवांना आसरा द्यावा, जैवविविधता वाढवावी, असंही कलम आहे. सल्लागार नेमकं तेच घाईत वाचतात. लॉन अंथरून ते पूर्ण होत नाही.

प्रश्न : कंत्राटदार सेडमच्या (जाड, रसाळ पानांच्या बुटक्या झाडांच्या) तयार चटया सुचवतोय. घ्याव्यात?

उत्तर : माझं मत, नको. आपल्या पावसाळ्यात पाणी तुंबलं की त्या कुजतात. कुसळी, पवना यांसारखी कातळावरची गवतं, सोनकी, तेरडा लावा. गवत उन्हाळ्यात वाळणारच, ते ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. बी रोपवाटिकेतून घ्या, कासच्या पठारावरून उपटून नव्हे! पानफुटी मूळची मादागास्करची, पण रेड पिएरो फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पानावर फिकट डाग दिसला म्हणून माळी ते खुडून टाकतो, त्याला आवरा.

प्रश्न : जागाच कमी पडली तर?

उत्तर : चौरस मीटरला 4 डॉलर या दराने, अख्ख्या प्लॉटवर, मान्यताप्राप्त संवर्धन संस्थेला निधी देण्याचा पर्याय आहे. तुम्हाला 16,000 डॉलर पडतील आणि दोनऐवजी एकच गुण मिळेल.

प्रश्न : आमच्या गच्चीवर टिटवीने अंडी घातली. मग अधिवास सिद्धच झाला ना?

उत्तर : अंड्यांवरून नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिरव्या छतांवर तिथल्या टिटव्यांनी घरटी केली, पिल्लंही बाहेर आली, पण खाद्य-पाणी पुरेसं नसल्याने काही दिवसांतच मेली. टिटवीची पिल्लं जन्मल्यापासून स्वतःच टिपून खातात, त्यामुळे किडे गच्चीवरच हवेत. तिथले संशोधक स्टेफान ब्रेनआयझेन यांनी बाझेल शहरातल्या छतांवरचे कोळी आणि भुंगेरे अभ्यासले आणि मातीची जाडी जागोजागी बदलती ठेवण्याचा आग्रह धरला. तुम्हीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून खांबांच्या डोक्यावर मातीचे उंचवटे करा, बाकी थर पातळ ठेवा, थोडी खडी उघडी राहू द्या. उथळ पाण्याचं ताट ठेवा, कीटकनाशक बंद करा. आणि पिल्लं कडेवरून पडू नयेत म्हणून कठड्याची भोकं जाळीने बुजवा.