सातवीतल्या कुणाला पुढच्या बॅचला घ्यायचं

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. इंदुरात भंवरकुआं म्हणजे कोचिंगवाल्यांचाच भाग, तिथला क्लास म्हटल्यावर फाउंडेशन बॅच आलीच, आणि आता सातवीतली कोणती पोरं थेट आठवी-नववीच्या गणिताला घ्यायची त्याची यादी तुझ्याच गळ्यात पडलीय. सर म्हणतील वार्षिकचे मार्क बघ आणि वरचे उचल. तसं नको करूस. सातवीच्या पेपरात ९८ पडले म्हणजे त्याला सातवीचं येतं, बास, पुढचं झेपेल का ते त्यातून कळतच नाही.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत ज्युलियन स्टॅनली म्हणून प्रोफेसर होते, त्यांनी १९७१ मध्ये हुशार पोरांचा अभ्यास सुरू केला आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना चक्क एसएटी द्यायला लावली, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या मुलांची परीक्षा. शाळेत सगळेच टॉपर, तिथे बरोबर फरक दिसायचा. तू पण तेच कर, आठवीचा एखादा जुना पेपर काहीही न शिकवता समोर ठेव.

आणि मार्क सोड, पोरं काय करतात ते बघ. पाऊण भागिले अर्धा विचार. 'उलटं करून गुणायचं' म्हणत तीन छेद दोन सगळेच आणतील. मग विचार, का रे, भाग दिल्यावर उत्तर पाऊणपेक्षा मोठं कसं आलं? जो म्हणेल की पाऊण किलो शेव अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरली तर दीड पाकीट होणार ना मॅडम, त्याचं नाव लिहून घे. दुसरं, फळ्यावर ८ + ४ = __ + ५ लिही. बरेच जण डोळे झाकून १२ भरतात, कारण त्यांच्यासाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'. तिथे ७ न दिसणाऱ्याला समीकरणं लवकर शिकवून काय होणार, तो ती पाठ करेल आणि नववीत आपटेल.

अबॅकसवाल्या पोरांपासून जरा सांभाळून हं, तोंडी गुणाकार असे फाडफाड करतात की आपणच दबून जातो! वेग चांगलाच, पण मला तरी तो पोरगा जास्त भरवशाचा वाटतो जो अडलेल्या गणितावर दहा मिनिटं आकृत्या काढत, खोडत बसतो आणि सांगायला गेलं तर 'थांबा ना' म्हणतो.

आई-वडील येतीलच, 'आमचा पण घ्या ना मॅडम'. पोराला एकट्याला बाजूला घेऊन विचार त्याला यायचंय का, क्रिकेट सुटणार असेल तरी यायचंय का. आणि बॅच सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाक की दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर नेहमीच्या बॅचला परत, त्यात लाज कसली. हे आधी नाही बोललीस ना, तर नंतर पोरगं मान खाली घालून बसून राहील आणि घरचे परत नेऊ देणार नाहीत. उलटही होतं, मागे राहिलेली एखादी मुलगी दिवाळीपर्यंत तयार होते, अशांसाठी दोन जागा रिकाम्या ठेवायला सरांना आत्ताच सांग.

यादी झाली की पाठव, पण सोबत पोरांचे कच्च्या कामाचे कागद पण पाठव, नुसती नावं बघून मी काय सांगणार.

तुझा
काका