संगणकातली हजेरी वाढवली, आता दाखला काढायचा का?

प्रश्न : माझा मुलगा सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानला आहे. प्रयोगशाळेत सर पासवर्ड टाकत असताना त्याने तो पाहिला आणि घरच्या वायफायवरून सरांच्या नावाने महाविद्यालयाच्या प्रणालीत शिरून स्वतःची व दोन मित्रांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर नेली. प्राचार्यांनी ‘लिहून दिलेस तर विषय इथेच संपेल’ असे सांगून त्याच्याकडून माफीनामा घेतला, त्याचा मोबाइल ठेवून घेतला आणि त्याला निलंबित केले. आता ‘स्वेच्छेने दाखला काढून न्या, नाहीतर सायबर पोलिसांत तक्रार देऊ’ असा निरोप आला आहे. हे घडले तेव्हा तो सतरा वर्षे आठ महिन्यांचा होता, पुढच्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण होतील. मित्रांपैकी एक आधीच अठराचा होता. दाखला काढून प्रकरण मिटवावे का?

उत्तर : आपले पत्र आणि सोबतची कागदपत्रे मी वाचली. दाखल्यासाठीचा अर्ज तूर्त देऊ नये, असे माझे मत आहे. ‘स्वेच्छेने’ हा एक शब्द आपल्या सहीने कागदावर आला, की महाविद्यालयाने काही निर्णय घेतला होता हेच दाखवता येत नाही, आणि जो निर्णयच झाला नाही त्याला पुढे आव्हान कशाला देणार? शिवाय दाखला नेल्यावर पोलिसांत तक्रार होणार नाही, याची कोणतीही लेखी हमी त्या निरोपात नाही. तशी हमी दिली तरी ती पोलिसांवर बंधनकारक नसते.

आता कायद्याची बाजू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणक प्रणालीत प्रवेश करणे आणि त्यातील माहितीत बदल करणे ही कृत्ये येतात. तीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरणे हा कलम ६६ क खालील वेगळा गुन्हा असून त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दोन्ही गुन्हे दखलपात्र (म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतील असे) पण जामीनपात्र आहेत आणि त्यांचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही.

‘त्याने कुणाचा एक रुपयाही घेतला नाही’ असे आपण दोनदा लिहिले आहे. हा मुद्दा निरर्थक नाही, पण आपल्याला वाटतो तेवढा भक्कमही नाही. ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या गैरलाभ किंवा गैरहानी यांच्याशी जोडलेली आहे आणि गैरलाभ म्हणजे मालमत्तेचा लाभ. हजेरीची टक्केवारी ही मालमत्ता नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. ‘कपटाने’ या शब्दाची व्याप्ती मात्र मोठी आहे. डॉ. विमला विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९६२ च्या निकालातील बाईंनी स्वतःच्या पैशाने घेतलेली मोटार लहान मुलीच्या नावावर केली होती आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण त्या फसवणुकीतून त्यांना काही फायदा झाला नव्हता आणि विमा कंपनीचेही काही नुकसान झाले नव्हते. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की कपटातील हानी पैशाचीच असावी लागते असे नाही. आपल्या मुलाला फायदा झाला होता, परीक्षेला बसण्याची पात्रता हा त्याच्या दृष्टीने फायदाच होता. त्यामुळे ‘गुन्हाच घडला नाही’ या बचावावर सगळी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

भिस्त ठेवायची ती त्याच्या वयावर. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार कृत्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसलेली व्यक्ती ही बालक असते. तक्रार कधी झाली किंवा पोलीस कधी आले, याला महत्त्व नाही. म्हणून पुढच्या महिन्यातील वाढदिवसाने काहीही बिघडत नाही, ती धास्ती मनातून काढून टाका. फक्त दहावीचे प्रमाणपत्र आणि नगरपालिकेचा जन्मदाखला यांच्या प्रमाणित प्रती आजच काढून ठेवा आणि दोन्हींवरची जन्मतारीख एकच आहे ना, ते डोळ्यांखालून घाला. वयाच्या पुराव्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी धरले जाते आणि ते नसल्यास नगरपालिकेचा जन्मदाखला. माझ्या अनुभवात असे अर्ज अडतात ते कायद्यावर नव्हे, दोन कागदांवरच्या दोन तारखांवर.

ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, तो या कायद्यात किरकोळ गुन्हा ठरतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार बालकाच्या अशा प्रकरणात एफआयआर न नोंदवता पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह माहिती बाल न्याय मंडळाकडे पाठवायची असते. याला अपवाद म्हणजे निर्घृण गुन्हा, किंवा प्रौढ व्यक्तीसोबत मिळून केलेले कृत्य. इथे त्या अठरा वर्षांच्या मित्राचा प्रश्न येतो. त्याने ‘माझीही वाढव’ असे सांगितले होते, की आपल्या मुलाने परस्पर वाढवली, यावर एफआयआर होणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरेल. एफआयआर झाला तरी दोघांवरची कार्यवाही एकत्र चालवता येत नाही, मुलाची चौकशी मंडळापुढेच होईल. त्या मित्राचे हित आणि आपल्या मुलाचे हित आता एक राहिलेले नाही. त्याच्या घरच्यांनी वेगळा वकील पाहावा, आणि तिन्ही मुलांनी व्हॉट्सअॅपवर ‘काय सांगायचे’ याची जुळवाजुळव करणे आजपासून बंद करावे.

मंडळापुढे किरकोळ गुन्ह्याची चौकशी संक्षिप्त पद्धतीने चालते. चार महिन्यांत आणि फार तर आणखी दोन महिन्यांच्या मुदतवाढीत ती पूर्ण झाली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते. दोष सिद्ध झाला तरी समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड अशा आदेशांची तरतूद आहे. नोकरी किंवा पुढील शिक्षण यांसाठी त्यातून अपात्रता येत नाही आणि प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत ते उघड करायचे नसते. मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हा तर गुन्हाच आहे. गावातल्या एखाद्या ग्रुपवर त्याचे नाव फिरू लागले, तर त्याचा स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवी. तक्रारीत फसवणुकीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक अभिलेख केल्याचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ चे तिसरे पोटकलम घातले, तर कमाल शिक्षा सात वर्षांवर जाते आणि गुन्हा ‘किरकोळ’ वर्गात राहत नाही. अशा वेळी गगन हर्ष शर्मा प्रकरणातील मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल उपयोगी पडतो. जे कृत्य माहिती तंत्रज्ञान अधिनियमात पूर्णपणे बसते, त्यासाठी सामान्य फौजदारी कायद्याची कलमे वर चढवता येणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. हा मुद्दा प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर तपासला जातो, हे लक्षात ठेवूनच तो मांडावा लागेल.

माफीनाम्याची आपण फार काळजी केलेली दिसते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २२ नुसार, अधिकारपदावरील व्यक्तीने आरोपासंबंधी आमिष, धमकी किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली फौजदारी कार्यवाहीत ग्राह्य नसते. ‘लिहून दिलेस तर विषय इथेच संपेल’ हे वाक्य वचनच आहे आणि ते प्राचार्यांच्या दालनात, पालकांच्या गैरहजेरीत, अल्पवयीन मुलाला उद्देशून उच्चारले गेले. त्या वेळी दालनात कोण कोण होते हे मुलाला विचारून आजच तारखेसह लिहून काढा. प्राचार्य या अर्थाने अधिकारपदावरील व्यक्ती ठरतात का, यावर समोरचे वकील वाद घालतील, आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत चौकशीत हा माफीनामा वापरला जाणारच. म्हणून आता त्याच्या बरोबर उलटे लिहून देऊ नका. काही कबूल करणे किंवा नाकारणे टाळून उत्तर द्यायचे असते, ते साधारण असे : ‘निलंबनाचा लेखी आदेश, आरोपांचा तपशील, प्रणालीतील नोंदींची प्रत आणि मूळ हजेरीपत्रक पाहण्याची संधी मिळावी. चौकशी समितीपुढे पालकांच्या उपस्थितीत म्हणणे मांडू द्यावे. दरम्यान बोर्डाचा परीक्षा अर्ज व प्रात्यक्षिके यांपासून विद्यार्थ्याला वंचित ठेवू नये.’ हे पत्र पोच घेऊनच द्यावे. सुनावणी न देता परीक्षेपासून रोखले, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मूळ हजेरीपत्रकाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. आपण पाठवलेल्या प्रतीत तिन्ही मुले रसायनशास्त्राच्या तासाला दोन रविवारीही हजर दिसतात. चोरी उघडी पडली ती बहुधा यामुळेच. पण त्याच पानावर इतर चार-पाच मुलांनाही त्याच रविवारी हजेरी लागलेली आहे, ते आपल्या नजरेतून सुटले असावे. म्हणजे एक तर प्रणालीच चुकते आहे किंवा तो पासवर्ड आणखी कुणाकडे होता. कोणता बदल कोणी केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची आहे, आणि संगणकातील नोंदींची छापील प्रत पुराव्यात यायची तर तिच्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, हॅश मूल्य (फाइलमध्ये नंतर बदल झाला का, हे ओळखता येणारा तिचा डिजिटल ठसा) नमूद असलेले प्रमाणपत्र लागते. पासवर्ड सहज दिसत होता, हा मात्र बचाव नव्हे. दार उघडे दिसले म्हणून आत शिरता येत नाही.

वायफाय आपल्या नावावर असल्याने पोलिसांची नोटीस आधी आपल्याच नावाने येऊ शकते. केवळ जोडणी नावावर आहे म्हणून आपण आरोपी होत नाही. नोटीस आल्यास हजर राहा, मुलाच्या जबाबाच्या वेळी सोबत बसू द्यावे अशी विनंती करा आणि जबाबावर त्याची सही घेऊ नये हे अधिकाऱ्यांच्या नजरेस आणा. वकिलाचा खर्च झेपणारा नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बालकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची अट नाही.

राहिला मोबाइल. तो जप्त करण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही, तेव्हा वरील पत्रातच तो परत मागा आणि ताब्यात मिळताना तो चालू होता की बंद, हे पोचेवर लिहून घ्या. तो मिळाल्यावर, आणि घरचा लॅपटॉपही, ‘फॉरमॅट’ करून टाकण्याचा सल्ला कुणीतरी हितचिंतक नक्की देईल. तसे केल्यास पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा उभा राहतो आणि लॅपटॉप आपण स्वतः पुसलात, तर त्यातले आरोपी आपण असाल, ज्यांच्या बाजूने वयाचा कोणताही मुद्दा नाही.